सुईचे वजन

गेल्या वर्षी, वैनगंगेच्या काठचे धान पिवळे पडू लागले होते तेव्हा, आरमोरीहून माझ्या भाचीचा फोन आला. "मामा, आजोबांच्या रेकॉर्डी वाजवायच्या आहेत. आईला ऐकायच्या आहेत. पंधरा हजारांच्या आत कोणती मशीन घेऊ, तेवढं सांगा." भाची जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, पंधरा हजार हा आकडा तिने महिनाभर मनाशी घोळवून मगच उच्चारलेला असणार. प्रश्न साधा होता. मी त्याचे उत्तर पाच मिनिटांत दिले, आणि ते चुकले. हा लेख म्हणजे त्या चुकीचा पंचनामा आहे.

वाङ्मयाला वाहिलेल्या अंकात एका यंत्राचे परीक्षण कशाला, असे कोणी विचारील. यंत्राची निवड हा बाजाराचा विषय, टीकेचा नव्हे, असेही म्हणता येईल. माझे म्हणणे वेगळे आहे. तबकडीवरचे गाणे आपल्या कानी पडते ते यंत्राने लावलेल्या अर्थासकट. ते यंत्र भाषांतरकारासारखे असते. मूळ वाचून ते आपल्या भाषेत सांगते. आणि भाषांतरकाराची परीक्षा करणे हे टीकेचेच काम होय. फरक आहे तो एवढाच की, वाईट भाषांतराने मूळ ग्रंथाला इजा होत नाही. तो कपाटात जसाच्या तसा राहतो, आणि उद्या दुसरा कोणी त्याचे चांगले भाषांतर करू शकतो. वाईट टर्नटेबल मात्र मूळ संहिताच खरवडून काढते. एकेका वाचनाबरोबर ग्रंथ थोडाथोडा पुसला जावा, तसे ते असते. म्हणून स्वस्त टर्नटेबल कोणते, या प्रश्नाला किंमतीचे कागद पाहून उत्तर देता येत नाही. ते यंत्र तबकडीकडून काय वसूल करते, हे आधी पाहावे लागते.

* * *

आमचे वडील पेटीमास्तर होते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांच्या जंगलपट्टीला झाडीपट्टी म्हणतात. वडिलांच्या उमेदीत चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून एकच जिल्हा होता. गडचिरोली वेगळा झाला तो १९८२ साली. या पट्टीत भाऊबीज उलटली की नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि उन्हाळा लागेपर्यंत चालतो. गावात शंकरपट असला की रात्री नाटक ठरलेलेच, आणि नाटक म्हणजे कोंबडा आरवेपर्यंतचे. वडसा हे या धंद्याचे ठाणे. इथल्या प्रेक्षकाला गाण्यावाचून नाटक चालत नाही आणि गाण्याला समोर बसलेला पेटीवाला लागतो. वडिलांनी असे कित्येक हंगाम काढले.

त्यांना रीतसर गुरू लाभला नाही. मुंबई-पुण्याच्या रंगभूमीवरची पदे त्यांच्यापर्यंत आली ती तबकडीवरून. हंगामात जी काही बिदागी हाती पडे तिच्यातून नागपूरला जाऊन ते एखाददुसरी रेकॉर्ड आणीत. मग रात्री चावीचा फोनो समोर, मांडीजवळ पेटी, आणि एकच ओळ सुई उचलून पुन्हा, पुन्हा. माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, त्यांच्या शेजारी बसून चावी भरायची. एखाद्या पदाचा षड्ज पेटीवर सापडला की वडील रेकॉर्डच्या कागदी पाकिटाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने लिहीत: "काळी १", "पांढरी ४". कुठे "धैवत सांभाळ", कुठे "इथे घाई करतो". त्यांनी आयुष्यात एवढेच लिहिले. ती मी टीकाच समजतो, आणि पुष्कळ छापील टीकेपेक्षा ती अधिक कामाची होती, कारण दुसऱ्या दिवशी रात्री तिच्या आधारावर त्यांना पेटी वाजवायची असे.

वडिलांच्या मागे अक्काकडे एक पत्र्याची पेटी आली. तीत चौतीस जुन्या, अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या आणि उतारवयात घेतलेल्या अकरा लाँग-प्ले. हार्मोनियमही अक्काकडेच आहे. फोनोची कमान केव्हाच तुटली होती. अक्काला आता दोन्ही डोळ्यांनी अंधुक दिसते. कान मात्र शाबूत आहेत. भाचीच्या प्रश्नामागे हे सगळे होते आणि ते मला ठाऊक होते. तरीही मी तिला जे यंत्र सुचविले ते ठाऊक नसल्यासारखे सुचविले.

* * *

मी सुचविले ते एक पेटीवजा यंत्र. झाकण उघडावे आणि आत थाळी, दांडी, दोन इवलेसे स्पीकर. बाहेरून कातडीसारखे आवरण, पितळेसारख्या कड्या. तीनही वेग, म्हणजे तेहेतीस, पंचेचाळीस, अठ्ठ्याहत्तर, एकाच यंत्रात. किंमत पंधरा हजारांच्या निम्म्यानेसुद्धा नाही. ते पाहून मला आमच्या फोनोची आठवण झाली, आणि इथेच माझी गल्लत झाली. मराठी टीकेत आकृती आणि आशय यांचा वाद किती वर्षे चालला! त्या वादात मी तावातावाने भाग घेतलेला माणूस, आणि यंत्र निवडताना मात्र आवरणालाच आकृती समजून बसलो.

यंत्र आले. अक्काने वडिलांच्या आवडीची नाट्यगीतांची लाँग-प्ले काढायला सांगितली. गाणे सुरू झाले. भाचीला आनंद झाला, मला आनंद झाला. अक्का थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "हा बाबाचा सूर नोहे रे."

म्हातारपणाचा हट्ट म्हणून मी ते सोडून दिले असते. पण तिने हार्मोनियम पुढे ओढायला लावली आणि पाकिटावर काय लिहिले आहे ते भाचीला वाचायला लावले. लिहिले होते "काळी २". अक्काने काळी दोन दाबली. गाण्याचा षड्ज तिच्या वर होता, पण पुढच्या पट्टीपर्यंत पोचत नव्हता. दोन्हींच्या मधोमध कुठे तरी लटकत होता. यंत्र जलद चालत होते. पेटीवर एका पट्टीतून लगतच्या पट्टीत जायला कंपनसंख्या सुमारे सहा टक्क्यांनी वाढावी लागते. म्हणजे थाळी तीन टक्के जलद फिरली की गायक अर्धी पट्टी वर चढतो. तेहेतिसाच्या जागी चौतीस फेरे आणि वर थोडे, एवढाच तो फरक. गाणाऱ्याचा गळा बारीक होतो, तबल्याची चाट कोरडी लागते, आणि ठेहराव घेऊन म्हटलेली जागा उरकून टाकल्यासारखी वाटते. "इथे घाई करतो" असे वडिलांनी जिथे लिहिले नव्हते तिथेही आता गायक घाई करीत होता.

महिना-दीड महिन्याने दुसरी गोष्ट लक्षात आली. त्याच तबकडीवर स आणि श ही अक्षरे फुसफुसू लागली. आरंभी ती तशी नव्हती. सुई बदलून पाहिली, फरक पडला नाही. जे गेले होते ते तबकडीतून गेले होते, आणि ते परत आणण्याचा इलाज कोणत्याच दुकानात मिळत नाही.

* * *

असे का झाले, हे समजून घ्यायला थोडे खोलात जायला हवे. वाचकांनी कंटाळू नये. या खोलीतच विषयाचा गाभा आहे.

अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी लाखेची. पळसावर, कुसुमावर, बोरीवर जो लाखेचा किडा आपले घर करतो, त्याच्या रसाची ही लाख. आमच्या जंगलात ती सर्वांच्या ओळखीची. तीत दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मिसळून तबकडी दाबीत. ही भुकटी मुद्दाम घातलेली असे: पोलादी सुई तिच्यावर घासून खाचेच्या मापाची होई आणि एक बाजू वाजली की फेकून द्यायची. फोनोच्या डोक्याचे वजन शंभर ग्रॅमांच्याही वर असे, तरी लाख ते सोसून घेई. तिथे झिजायचे काम सुईचे होते.

मग काळ बदलला. १९४२ साली, युद्धामुळे, अमेरिकेत तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर निर्बंध आले आणि दुसऱ्या द्रव्याची निकड वाढली. १९४८ साली कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३ १/३ फेऱ्यांची लाँग-प्ले बाजारात आणली, ती पॉलिव्हिनाइल क्लोराइडची. म्हणजे तबकडीने जंगल सोडले आणि ती रसायनांच्या कारखान्यात गेली. खाच बारीक झाली, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांऐवजी वीस-बावीस मिनिटे मावू लागली. बारा इंची तबकडीच्या एका बाजूची खाच उलगडून सरळ केली तर ती जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल. या खाचेतून आता हिऱ्याची सुई जाते. हिरा झिजतो, पण फार सावकाश, तबकडी मऊ. झिजण्याचे काम आता सुईकडून तबकडीकडे आले. यंत्र निवडताना हा पालट ज्याने ध्यानात घेतला नाही, त्याची माझ्यासारखी गत होते.

चांगल्या कार्ट्रिजची सुई खाचेवर दोन ते साडेतीन ग्रॅमांचा भार टाकते. पेटीवजा स्वस्त यंत्रांत चिनी मातीच्या जातीचे कार्ट्रिज असते आणि त्याचा भार पुष्कळदा पाच-सहा ग्रॅमांपर्यंत जातो. सुईचे टोकही हिऱ्याऐवजी कृत्रिम माणकाचे वा नीलमचे असते आणि ते लवकर झिजते. दोन ग्रॅम आणि सहा ग्रॅम यांतला फरक तळहातावर कळणारही नाही. पण सुईचे टोक एखाद्या इंचाच्या हजाराव्या भागाहूनही लहान त्रिज्येचे असते. तेवढ्याशा जागेवर तो भार एकवटला की मऊ भिंतीचे काय होत असेल, ते आमच्या फुसफुसणाऱ्या सकाराने सांगितलेच आहे. त्यात स्पीकर त्याच खोक्यात. ते थरथरले की खोके थरथरते, खोके थरथरले की सुई थरथरते, आणि सुई स्वतःच्याच आवाजाचा प्रतिध्वनी पुन्हा वाचू लागते.

आणि तीन वेगांचे ते आश्वासन? अठ्ठ्याहत्तरच्या खाचेला सुमारे तीन हजारांश इंच त्रिज्येची सुई लागते, लाँग-प्लेला पाऊण हजारांशाच्याही आतली. एकाच सुईने दोन्ही वाजवणे म्हणजे ओढ्यात होडी आणि नदीत होडी यांत भेद न करणे. बारीक सुई जुन्या रुंद खाचेच्या तळाला जाऊन तिथली धूळ आणि खरखर तेवढी वाचते. यंत्र फिरते, आवाज येतो, आणि ग्राहकाला वाटते की अठ्ठ्याहत्तर वाजली. सगळ्याला "हो" म्हणणारे यंत्र मला आता पुस्तक न वाचता अभिप्राय देणाऱ्या परीक्षकासारखे वाटते.

* * *

दुसऱ्या खेपेला मी पाच मिनिटांत उत्तर दिले नाही. तीन आठवडे घेतले.

आजकाल तबकडीभक्तांचा एक पंथ झाला आहे. अमेरिकेत २०२२ साली तबकड्यांची विक्री नगांच्या हिशेबात सीडीच्या पुढे गेली. १९८७ नंतर प्रथमच. पुण्यामुंबईतही या पंथाचे मठ आहेत. त्यांच्या लेखी तबकडीचा आवाज "उबदार", आणि पन्नास हजारांच्या खालचे यंत्र अस्पृश्य. या मंडळींशी माझे भांडण आहे. पहिली गोष्ट, मोजमापाने पाहिले तर सीडीचा आवाज तबकडीपेक्षा स्वच्छ आहे; ते मान्य करायला लाजू नये. तबकडी ऐकायची ती याकरिता की, काही गाणी आपल्या घरात फक्त तिच्यावर आहेत, आणि याकरिता की, बाजू लावली की वीस मिनिटे माणूस उठत नाही. दुसरी गोष्ट, आरमोरीच्या एका घरातल्या अकरा तबकड्यांना पन्नास हजारांचे यंत्र लागत नाही. त्यांना इजा न करणारे यंत्र लागते. या दोहोंमध्ये पुष्कळ मोकळी जागा आहे, आणि सामान्य रसिक त्या जागेतच राहतो.

शेवटी भाचीने घेतले ते ऑडिओ-टेक्निका या जपानी कंपनीचे एलपी-६०-एक्स नावाचे साधे यंत्र. दिसायला त्यात काही नाही. काळे, चपटे, शाळेच्या कार्यालयात शोभेल असे. त्याचे गुण-दोष सांगतो, म्हणजे त्याच पट्टीने दुसरे कोणतेही यंत्र वाचकांना मोजता येईल.

सुई हिऱ्याची, भार तीन ग्रॅमांच्या आसपास, आणि झिजली की सुई तेवढी ओढून काढून नवी बसवता येते. अशा साध्या गोल टोकाच्या सुईचे आयुष्य साधारण तीनशे ते पाचशे तास. म्हणजे रोज एक बाजू ऐकणाऱ्याला ती काही वर्षे पुरते. तबकडीवर मंद्र स्वर मुद्दाम दाबून आणि तार स्वर उचलून कोरलेले असतात. ते पुन्हा समतोल करणारा छोटा प्रवर्धक यंत्रातच आहे, त्यामुळे घरात असलेल्या कोणत्याही विजेच्या स्पीकरला तार जोडली की झाले. स्पीकर वेगळे, म्हणून थरथर वेगळी. आणि दांडी आपोआप तबकडीवर जाते, बाजू संपली की आपोआप परत येते. पंथाच्या मंडळींना ही स्वयंचलित दांडी मुळीच पसंत नाही. हाताने सुई टेकवण्यातच खरी रसिकता, असे ते म्हणतात. ज्याला दिसते त्याने खुशाल टेकवावी. अक्काला दिसत नाही.

दोष असे: कार्ट्रिज बदलता येत नाही, भार कमीजास्त करता येत नाही. पुढे कान अधिक चोखंदळ झाला तर हे यंत्र त्याच्याबरोबर वाढणार नाही. तबकडीच्या आतल्या कडेला त्याची साधी सुई जरा अडखळते. त्याचे कारण असे की, बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे पन्नास सेंटिमीटर सरकते, लेबलाजवळ जेमतेम वीस-एकवीस; तेवढ्याच गाण्याला तिथे निम्म्याहून कमी जागा मिळते. मैफलीत भैरवी शेवटी यायची आणि तबकडीचा शेवट सर्वांत दाटीच्या जागी, असा हा दैवदुर्विलास. गोल टोकाऐवजी लंबगोल टोकाची सुई ही दाटी अधिक चांगली वाचते, पण तिला अधिक खर्चाचे यंत्र लागते. हा दोष मी पत्करला, कारण तो ऐकण्यातला दोष आहे. तबकडीला त्याची झळ लागत नाही.

एक गोष्ट मला सर्वांत अधिक आवडली. या यंत्रात अठ्ठ्याहत्तरचा वेगच नाही. जे आपल्याला जमत नाही ते ते करीत नाही.

* * *

यंत्र कोणतेही असो, ते इथल्या हवेत राहायचे असते. शहरातल्या परीक्षणांत हा विषय येत नाही म्हणून लिहितो.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. अर्ध्या महाराष्ट्राचे पंखे या विजेवर फिरत असतील, आणि आसपासच्या खेड्यांत दाब कमीजास्त होऊन दिवे मिणमिणतात. जुन्या विजेच्या रेकॉर्ड-प्लेअरांची मोटर थेट घरच्या विजेवर चाले, तेव्हा विजेचे दुखणे गाण्याला भोवे. आताच्या यंत्राला बाहेरून छोटा अडॅप्टर असतो आणि मोटर एकदिश प्रवाहावर चालते. दाब थोडा हलला तरी सूर हलत नाही. वेग तपासायला एक कागदी चकती पुरते. पन्नास आवर्तनांची वीज, दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, तेव्हा तेहेतिसाच्या वेगाला चकतीच्या कडेला १८० रेघा हव्यात. थाळी फिरत असता रेघा जागच्या जागी उभ्या दिसल्या की वेग बरोबर. पुढे सरकल्या तर जलद, मागे सरकल्या तर मंद. एलईडीच्या उजेडात हे बहुधा दिसत नाही. जुन्या स्विचबोर्डावरचा तांबडा निऑनचा दिवा त्याला चांगला.

उन्हाळ्यात इथला पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. टिनाच्या छपराखाली माळ्यावर किती होत असेल याची कल्पना करावी. तबकडी अशा उष्णतेत वाकते आणि एकदा वाकली की सरळ होत नाही. म्हणून त्या माळ्यावर ठेवू नयेत. आतल्या खोलीत, जमिनीपासून वीतभर वर, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. जमिनीला टेकल्या तर पाकिटांना वाळवी लागते, भिंतीला टेकल्या तर पावसाळ्यात बुरशी. यंत्राचा रबरी पट्टाही उन्हाने सैल पडतो. एक जादा मागवून ठेवावा. चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूर इकडे कोळशाची धूळ खिडकीतून येते. यंत्राचे झाकण बंद ठेवणे हा तिथे शिष्टाचार नसून गरज आहे. खाणीत सुरुंग उडतात तेव्हा भांडी वाजतात, तशी सुईही उडते. त्यावर जड फळीसारखा उपाय नाही. भाचीने जुन्या दाराची आलापल्लीच्या सागाची फळी भिंतीत ठोकून तिच्यावर यंत्र ठेवले आहे.

धुण्याविषयी एकच इशारा. लाँग-प्ले बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसावी. जुनी तबकडीही पाण्याने पुसता येते. तिला स्पिरिट मात्र कधीही लावू नये. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आमच्याकडचा कोणताही सुतार हे सांगेल. तो चपडी लाख स्पिरिटमध्येच विरघळवून सागाला पॉलिश करतो. चकाकी आणायला म्हणून लावलेले स्पिरिट गाणेच पुसून नेते.

* * *

राहिल्या चौतीस जुन्या तबकड्या. त्यांचे काय?

मी त्यांतल्या सहा नागपूरला एका संग्राहक मित्राकडे घेऊन गेलो. त्याच्याकडे वेग हवा तसा कमीजास्त करता येणारे यंत्र आहे आणि जाड सुईही आहे. सोबत पाकिटावरचे वडिलांचे आकडे होते, आणि अक्काच्या हार्मोनियमचे सूर मी फोनवर मुद्रित करून नेले होते. पहिली तबकडी अठ्ठ्याहत्तरच्या नेमक्या वेगाने लावली. षड्ज वडिलांच्या "काळी १" च्या वर गेला. मित्राने वेग हळूहळू उतरवला. पंचाहत्तरच्या जवळ आल्यावर सूर पट्टीवर बसला. इतर पाचांचेही थोड्याफार फरकाने तेच.

याचा अर्थ काय लावायचा? जुन्या काळी मुद्रणाचा वेग सर्वत्र ठरलेला नव्हता. लेबलावर काही असले तरी तबकडी सत्तरीच्या पुढे कोणत्याही वेगाने कोरलेली असू शकते. किंवा आमच्या फोनोची कमान सैल पडली असेल आणि वडील आयुष्यभर ही पदे थोडी खाली, थोडी सावकाश ऐकत आले असतील. झाडीपट्टीतल्या कितीतरी रात्री, कितीतरी नटांनी ती त्याच खालच्या पट्टीत म्हटली असतील. मित्र म्हणाला, "बरोबर वेग कोणता, ते तू सांग." लाँग-प्लेच्या बाबतीत मला उत्तर होते: रेघा उभ्या राहिल्या की बरोबर. इथे दोन बरोबर होते. एक गायकाचे, एक वडिलांचे.

मी दोन्ही वेगांनी मुद्रण करून घेतले. भाचीच्या फोनवर ते आता आहे, आणि अक्का ते फोनवरच ऐकते. तबकडीभक्तांना हे पाखंड वाटेल. पण वर्षातून कधी तरी ऐकायच्या चौतीस लाखेच्या तबकड्यांसाठी भाचीने दुप्पट-तिप्पट किमतीचे यंत्र आणि वेगळी सुई घ्यावी, असे मला प्रामाणिकपणे सांगता आले नाही. ज्याच्याकडे ते यंत्र आहे त्याच्या दारात एकदा जावे, हे उत्तम. तबकड्या पेटीत परत गेल्या आहेत, पाकिटांसकट.

या सगळ्यात एक जुनी हकीकत सारखी आठवत होती. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे, मिनिटाला १६ २/३ फेऱ्यांनी वाजणारी, आणि तीत गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. केसरबाई त्याच सप्टेंबरात निवर्तल्या. ती तबकडी पाठवणाऱ्यांनी तिच्याबरोबर कार्ट्रिज आणि सुई ठेवली, आणि ती कोणत्या वेगाने फिरवायची हे झाकणावर चित्रांनी कोरले. ऐकणारा कोण, कुठला, त्याला कान आहेत की नाहीत, काहीच माहीत नव्हते. पण सुई आणि वेग यांवाचून पाठवलेले गाणे म्हणजे नुसती थाळी, एवढे त्यांना कळले होते. पेन्सिलीने "काळी १" लिहिणाऱ्या माणसालाही ते कळले होते. मला ते एक लाँग-प्ले खराब केल्यावर कळले.

आणि एक सल राहतो. लाख आमच्या जंगलाला परकी नाही. पण वडिलांच्या त्या पेटीत दंडारीची एकही तबकडी नव्हती, रेला गाण्यांची एकही नव्हती. जे मुंबई-पुण्याने कोरण्याजोगे मानले ते आमच्यापर्यंत आले, आणि वडिलांनी ते पेन्सिलीच्या आधाराने रात्र-रात्र जागून आपलेसे केले. त्यांनी स्वतः वाजवलेले मात्र कोणत्याच खाचेत नाही. त्याला कोणते यंत्र सुचवावे, हे मला सांगता येत नाही.

नवे यंत्र आले त्या संध्याकाळी मी आरमोरीतच होतो. फुसफुसणारी तबकडी बाजूला ठेवून भाचीने दुसरी लावली. निऑनच्या दिव्याखाली रेघा उभ्या होत्या. अक्काने विचारले, "काय लिहिलंय?" भाचीने पाकीट उजेडात धरून वाचले, "पांढरी ५." अक्काचा हात पेटीवर गेला आणि भाता हलला. ती काही बोलली नाही. पट्टी तशीच धरून ती बाजू संपेपर्यंत बसली. दांडी आपली आपण उचलली गेली, मागे आली आणि थाळी थांबली.

"आता दुसरी बाजू लाव," अक्का म्हणाली.